हाक मारून यावं

ज्वारीच्या डब्याच्या झाकणाला एक पोचा होता, आणि तो पोचा कायम भिंतीच्या अंगाला असायचा. पोच्याच्या बाजूला फट राहते, फटीतनं उंदराचं पोर शिरतं, म्हणून हा छबूबाईच्या घरातला कायदा. नवऱ्याला इतक्या वर्षांत तो कळला नव्हता. पोराला मात्र न सांगता कळला होता. पोराच्या अपिलाच्या तारखेदिवशी सकाळी माळीवाड्याच्या खानावळीत भाकरींची चळत रचून ती लुगडं बदलायला घरी आली, आणि बघते तर पोचा दाराकडं तोंड करून बसलेला. छबूबाईला त्यानं डोळा मारल्यासारखं वाटलं. तिनं पिशवी खाली टाकली, झाकण उचललं आणि कोपरापर्यंत हात ज्वारीत खुपसला. ज्वारी वरनं कोमट असते, आणि आत आत जावं तशी थंड होत जाते. बोटांना वाटत राहतं, आता लागेल, आता लागेल. बुडाला पत्रा लागला. पत्राच आहे ना, म्हणून तिनं नखानं टकटक करून बघितलं. पत्राच होता. तरी ती तशीच उभी राहिली, हात डब्यात आणि डोळे दारावर, आपल्याच घरात चोरी करताना धरलेल्या बाईसारखी. दिवाळी सरल्यावर याच डब्यातनं हवालदारानं ती वस्तू वर काढली होती, तिच्याच जुन्या झंपराच्या चिंधीत गुंडाळलेली. गावठी पिस्तूल, कट्टा म्हणतात त्याला हे तिला तेव्हा कळलं. चिंधी सोडली तसे नळीतनं चार दाणे घरंगळून फरशीवर पडले, आणि आता खोटं कशाला बोला, छबूबाईच्या मनात पहिला विचार आला तो दाणे वाया चालले हाच.

दाराला कडी नव्हती. म्हणजे ती नवरी होऊन या पत्र्याच्या चाळीत आली तेव्हा होती. पण छबूबाई माहेरची शनी शिंगणापूरची, तिला कडी लावायची म्हटलं की कुणाच्या तरी तोंडावर थुंकल्यासारखं व्हायचं. लावलीच नाही, म्हणून कडी गंजली, गंजून पडली, आणि पडलेली कुणी उचलली नाही. तिच्या माहेरी घराला चौकट आणि चौकटीला फडका, संपलं. कुलूप म्हणून एक चीज असते हे तिला सोनईच्या बाजारात पहिल्यांदा दिसलं, तर तिला तो एखाद्या रागीट माणसाच्या नाकातला दागिना वाटला. तिचा आजा सांगायचा, गावातल्या एका शहाण्यानं हौसेनं सागाचं दार आणून बसवलं, तर ते दार रातोरात उठलं, चालत चालत घोडेगावच्या बाजारात गेलं, बैलांच्या रांगेत उभं राहिलं, स्वतःच स्वतःला विकलं, आणि पैसे मालकाच्या उशाशी ठेवून परत बाजारात निघून गेलं. बैल समजून घेतलं होतं म्हणे ज्यानं घेतलं त्यानं. आजा हे सांगताना हसायचा नाही, त्यामुळं लहानपणी छबूला दारांची भीतीच बसली होती. पण दार नाही म्हणून रीत ढिली नव्हती, उलट लई कडक. उंबऱ्याच्या बाहेर थांबायचं, हाक मारायची, आतनं ‘ये’ आलं की मगच पाऊल टाकायचं. घरात कुणी नसलं तरी हाक मारायची, कारण घराला ऐकू येतं. कुत्रंसुद्धा आधी भुंकून मग ताटात तोंड घालतं, असं आजा म्हणायचा. छबूबाईनं हीच रीत पोराला लावली. शाळेतनं आला की बिभीषण रिकाम्या घराला हाक मारायचा, “आई, आलो गं,” आणि आतनं कोण बोलणार, म्हणून स्वतःच बारीक आवाज काढून “ये” म्हणायचा. सगळी चाळ हसायची.

बिभीषण हे नाव त्याच्या आज्यानं ठेवलं होतं, सख्ख्या भावाला सोडून खऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला तो, म्हणून. पोलीस येऊन गेल्यापासनं चाळीतली माणसं त्या नावाचा दुसराच अर्थ लावायला लागली. शेजारी बसलं की म्हणायची, घरातलंच कुनीतरी असतंय बाई कायम. हे ऐकून छबूबाईला पहिल्यांदा आठवायचा तो दीर. कानिफनाथ. केस मागं चोपडून बसवलेले, बोटात दोन खडे, प्लॉटिंगचं कायतरी करतो असं सगळ्यांना सांगायचा आणि कसलं ते कुणी विचारायचं नाही. तो कधी हाक मारायचा नाही. “घरचाच मानूस हाय वैनी, हाक कशाला?” असं म्हणेपर्यंत तो आत येऊन परातीतली भाकरी मोडतसुद्धा असायचा. त्याच्याच मागं मोटारसायकलवर बसून बिभीषण गेल्या वर्षी भिंगारकडं गेला, आणि गाडी चोरीची निघाली. कानिफनाथ नाक्यावर पान खायला उतरला होता म्हणे नेमका. धरला गेला तो मागं बसलेला पंधरा वर्षांचा. पोरांच्या कोर्टानं तेव्हा त्याला सोडलं, प्रोबेशनवर. वर्षभर नीट वागायचं, आईच्या जिम्म्यावर राहायचं, काही वावगं केलं तर पुन्हा आत. प्रोबेशनचे साहेब अधनंमधनं घरी यायचे, चहा घ्यायचे, पोराची वही बघायचे आणि जाताना म्हणायचे, “दार तेवढं लावत जा बाई.” छबूबाई हो म्हणायची. आणि मग दिवाळी सरली, आणि डब्यातनं ते निघालं. हवालदार म्हणाला, घर कुणाचं, डबा कुणाचा, चल बाई तू. तेव्हा कोपऱ्यातला बिभीषण भिंतीकडं बघत म्हणाला, “माजंच हाय ते.” पोरांच्या कोर्टानं ह्यावेळी ऐकलं नाही. अठरा पुरी होईपर्यंत सरकारी सुधारशाळेत, पार लांबच्या गावी, जिथं जायला तिला दोन एसट्या बदलाव्या लागल्या असत्या आणि खानावळीची सुट्टी कधी मिळालीच नाही.

नवरा सुप्याच्या कारखान्यात पाळीवर, सुट्टीला तेवढा घरी. त्यानं, आप्पासाहेबानं, एकदाच तोंड उघडलं, “माजा भाऊ तसला न्हाई. पोरगं वाया गेलं ते तुज्या उघड्या दारानं.” त्यानंतर तो जेवताना ताटाकडं बघायचा आणि ती त्याच्याकडं. हा एवढा का भावाची कड घेतो? ह्याला ठावं होतं का? छबूबाईचा संशय असा एका ठिकाणी बसून राहणारा नव्हता, तो मांजरीसारखा ह्या मांडीवरनं त्या मांडीवर जायचा. कधी दिरावर, कधी नवऱ्यावर, कधी त्या हवालदारावर की त्यानंच बाहीतनं आणलं असेल. आणि खानावळीत भाकरी थापता थापता, तवा लाल झालेला, बाहेर कुणाची तरी थाळी आपटलेली, अशा भर गर्दीच्या वेळी तो अलगद येऊन पोरावर बसायचा. मग एकेक आठवण ती भाकरी उलटावी तशी उलटून बघायची, आणि खालची बाजू करपलेली निघायची. गणपतीत तो उंबऱ्यावर बसून धुळीत बोटानं काय काढत होता? दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल ह्याच्या मित्राचं होतं, मग ते ह्याच्या हातात इतकं सवयीचं कसं दिसलं? आणि “माजंच हाय,” हे त्यानं आईला वाचवायला म्हटलं, असं आरतीबाई वकील म्हणत होत्या. पण म्हणताना त्यानं आईकडं का बघितलं नाही?

बाहेर रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला तशी ती भानावर आली. झाकण कसंतरी डब्यावर ठेवलं, लुगडं बदललं, आणि शेजारच्या साळूबाईंना घेऊन निघाली. साळूबाईंची खोली छबूबाईच्या खोलीला लागूनच, मधे फक्त पत्रा. आरतीबाईंनी खास अर्ज करून आज त्यांची साक्ष मागून घेतली होती. नाकात तपकीर भरून, नवं लुगडं नेसून त्या अशा बसल्या होत्या जणू कोर्टच त्यांच्या भेटीला यायचंय.

“साळूबाई, कुनी आलतं का वो सकाळी माज्या घरात?”

“मीच की. पसाभर जुंधळा घेतला. पीठ सरलं हुतं.”

“हाक मारली हुती का?”

“मारली की.”

“मंग ‘ये’ कोन म्हनलं?”

“आगं, मला कोन न्हाई म्हनतंय?” साळूबाई हसल्या, आणि रिक्षा खड्ड्यात गेली तसं ते हसू मधेच तुटलं. छबूबाईला बरं वाटायला हवं होतं. पोच्याचं कोडं सुटलं होतं. पण तिच्या मनात आलं, हिनं हाक मारली कशावरून? आणि हिला माझ्या डब्याची वाट आजच माहीत झाली का आधीपासनं होती? मग तिला स्वतःचीच शरम वाटली. जिची साक्ष घ्यायची तिच्यावरच संशय, म्हणजे ज्या फांदीवर बसायचं ती हलवून बघायची. फांदी हलवून बघितली तर पडायचीच भीती, हेही खरंच होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात आरतीबाई भेटल्या. वयानं लहान, पण काळा कोट घातला की वीस वर्षं वाढायच्या. त्यांनी पुन्हा बजावलं, “मावशी, आपलं म्हणणं एकच. घर सताड उघडं असतं, कुणीही येऊ शकतं. मुलगा पोलिसांसमोर काय म्हणाला त्याला पुरावा धरत नाहीत. कुणी ठेवलं हे आपण सांगायचं नाही, आपल्याला माहीत नाही. फक्त त्यानंच ठेवलं असं म्हणता येणार नाही, एवढंच दाखवायचंय. दिराचं नाव काढू नका.” छबूबाई मान हलवत होती आणि त्यांच्या खांद्यावरनं बघत होती, कारण दीर तिथंच उभा होता. चहाचे ग्लास दोन बोटांत धरून तो जवळ आला. “वैनी, घ्या. काळजी करू नका, पोरगं सुटतंय आज.” तुला कसं ठावं, असं तिच्या ओठावर आलं. ग्लास गरम होता, तिनं तो पदरानं धरला. तेवढ्यात शिपाई बिभीषणला घेऊन आला. आधी तिला वाटलं, दुसराच कुणाचा तरी पोरगा आहे. चार महिन्यांत तो ऊस वाढावा तसा वाढला होता, मनगटं बाहीतनं बाहेर आलेली, ओठावर काजळी. त्यानं आईकडं बघून मान हलवली. मग चुलत्याकडं बघितलं, आणि चुलत्यानं नुसती पापणी मिटून उघडली. एवढंच. आजारी माणसाला धीर देताना माणसं डोळ्यानं करतात तसं. किंवा हिशेब ठरला असताना करतात तसं. चहा निवेपर्यंत छबूबाई त्या पापणीचाच विचार करत राहिली.

आत सेशन कोर्टाचे जज्जसाहेब चष्म्याच्या वरनं बघणारे होते. सरकारी वकिलांनी सांगितलं, मुलगा आधीच प्रोबेशनवर, संधी देऊन झाली, असल्या मुलाला पुन्हा घरी सोडणं म्हणजे वस्तीला धोका. वस्तीला धोका हे शब्द ऐकून बिभीषणनं आपल्या चपलांकडं बघितलं. मग साळूबाईंना पुढं बोलावलं. त्यांनी खऱ्याची शपथ अशी घेतली की शपथेलाच दरदरून घाम फुटावा.

“मधे पत्रा हाय साहेब. तिकडं कुनी कूस बदलली तर हिकडं माजं अंग दुखतंय. पोलीस यायच्या आदल्या दिवशी दुपारी डब्याचं झाकान वाजलं. पन हाक न्हाई आली.”

“हाक?” साहेबांनी विचारलं.

“ही बाई शिंगणापूरची. हिच्या घरात हाक मारल्याबिगर कुनी जात न्हाई. आन् ह्ये पोरगं तर मोकळ्या घरातबी हाक मारतंय. ‘आई, आलो गं’ म्हनतंय आन् आपुनच बारीक आवाजात ‘ये’ म्हनतंय. येडं म्हना. पन त्या दिवशी हाक न्हाई, ‘ये’ न्हाई, डायरेक झाकान. म्हनजे ह्यो नव्हता.”

सरकारी वकील हसले. “आजी, दुपारी झोप लागली असेल तुम्हाला.”

“मी निजते साहेब, माजं कान न्हाई निजत. कानाला झोप आली आसती तर सासूसंगं नांदनं सोपं झालं आसतं.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. साहेबांनी चष्मा नीट केला, बराच वेळ लिहिलं, आणि मग छबूबाईला उभं करून विचारलं, “तुमच्या दाराला खरंच कडी नाही?” ती न्हाई म्हणाली. “का नाही?” ह्याला काय सांगावं. सागाचं दार बाजारात निघून गेलं ते सांगावं का? ती म्हणाली, “आमच्यात लावत न्हाईत.” साहेबांनी तेही लिहिलं. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल झाला. उघड्या घरात सापडलेली वस्तू याच मुलाच्या ताब्यात होती असं खात्रीनं म्हणता येत नाही, संशयाचा फायदा, अपील मंजूर, प्रोबेशनचे राहिलेले महिने पहिल्यासारखे आईच्या जिम्म्यावर. संशयाचा फायदा. छबूबाईनं ते शब्द तोंडात घोळवून बघितले. इतके दिवस तिला संशयाचा तोटाच होत आला होता. फायदा होतो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. उठता उठता साहेब म्हणाले, “आणि बाई, त्या दाराला एक कडी बसवून घ्या.”

हमीपत्रावर सह्या होईपर्यंत उन्हं कलली. व्हरांड्यात कानिफनाथ म्हणाला, “वैनी, उद्या येतो मी, कडी ठोकून देतो. चांगली जाड आनतो.” आणि मोटारसायकलला किक मारून गेला. पाठीमागची जागा रिकामी होती, आणि बिभीषण त्या जागेकडं बघत होता, की नुसता रस्त्याकडं, ते सांगता येत नव्हतं. परतीच्या रिक्षात तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मागं छबूबाईला एकाएकी आठवलं. पोलीस आले त्याच्या आदल्या दोन्ही दुपारी साळूबाई केडगावला लेकीकडं बाळंतपणाला गेल्या होत्या. तिनंच तर त्यांच्या दारातल्या तुळशीला पाणी घातलं होतं. तिनं हळूच विचारलं, “साळूबाई, तुमी तवा केडगावला नव्हता का?”

साळूबाईंनी तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, शिंक यायची वाट बघितली, आणि ती आली नाही. “असंल. नसंल. पोरगं घरी आलं का न्हाई?”

“आलं.”

“मंग झालं तर. झाकान वाजलं का न्हाई ते झाकनाला ठावं.”

घरी आल्यावर बिभीषण नळावर पाय धुवायला थांबला. छबूबाई आत गेली, स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं, आणि दाराकडं पाठ करून उभी राहिली. आता हाक येईल. तिनं कान असा लावला होता की स्टोव्हची भरभर, पत्र्यावरची चिमणी, पलीकडं साळूबाईंचं लुगडं सोडणं, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. नळ बंद झाला. हाक आली नाही. तिनं वळून बघितलं तर तो आत, पोत्यावर बसलेला, पाय ओले, कधी आला ते ना तिला कळलं ना घराला. तिथं, त्या सरकारी शाळेत, कोण कुणाला हाक मारणार, आत व्हा म्हटलं की आत व्हायचं, बाहेरनं कुलूप, विसरला असेल. विसरला असेल. किंवा आई घरात नसताना हा कायमच असाच येत असेल, आणि ती हाक, तो बारीक आवाजातला ‘ये’, एवढा सगळा खेळ ऐकणारं कुणी असलं तरच.

“भाइर जा,” ती म्हणाली. “भाइर जा, आन् हाक मारून ये.”

तो उठला. गेला. उंबऱ्यापलीकडं त्याची सावली थांबली, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. निघून जातो की काय, असं तिला वाटलं. चाळीच्या तोंडाशी कुणाची गाडी उभी असेल तर? मग हाक आली. “आई, आलो गं.” आवाज फुटला होता. जाड, घोगरा, बाप्या माणसाचा. डोळे मिटले असते तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की दारात कानिफनाथ उभा आहे. शेवटी रक्त एकच, आवाज तसाच निघायचा. तिनं ओठ ओले केले आणि म्हणाली, “ये.”

तो आत आला. हसला थोडासा, लहानपणीसारखा, खालचा ओठ मुडपून. आणि पोत्याकडं जाता जाता, न बघता, उतरंडीवरचं मडकं सरळ करावं तसं एका बोटानं त्यानं ज्वारीच्या डब्याचं झाकण फिरवलं. पोचा भिंतीकडं गेला.

आधणाला उकळी येत होती. छबूबाईला दिवाळीनंतरची ती दुपार दिसायला लागली, हवालदार, त्याची काठी, फरशीवरचे चार दाणे. आणि त्या सगळ्याच्या अगोदर, हवालदारानं झाकणाला हात घालण्याच्या अगोदर, तो डबा. इतके महिने तिनं सगळं उलटून बघितलं होतं, एवढंच बघायचं राहिलं होतं. पोचा भिंतीकडं होता. नीट, कायद्यानं, भिंतीकडं. दाराकडं असता तर तिला त्याच दिवशी दिसला असता. साळूबाई पसाभर जुंधळा घेऊन गेल्या तर त्यांना तो जाग्यावर ठेवता आला नाही. कानिफनाथला तर भाकरीच्या परातीशिवाय त्या घरातलं काही ठाऊकच नव्हतं, आणि नवऱ्याला पोचा कधी कळलाच नव्हता. कुणी दिलं, का दिलं, धाकानं की लाडानं, ते सगळं पुढचं. कोर्टात कुणी तिला विचारलं नव्हतं पोचा कुठं होता, आणि विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं, हे तिला आत्ता, स्टोव्हपाशी उभं राहून, चांगलंच कळत होतं.

“आई, चा उतू चालला,” मागनं तो बाप्या माणसाचा आवाज म्हणाला.

तिनं पदरानं पातेलं उतरवलं. कडी बसवायलाच पाहिजे होती, साहेब म्हणाले ते तिला आता पटलं होतं. फक्त ती दाराच्या आतल्या अंगानं बसवायची का बाहेरच्या, हे तेवढं साहेबांनी सांगितलं नव्हतं.